पडद्यावर मांडलेले माग

त्या डेस्कटॉपचं नाव मी इथे घेणार नाही. घेतलं तर त्याचे भक्त धावून येतील, आणि भक्तांशी वाद घालायचा मला आता कंटाळा आलाय. लिनक्स वापरणाऱ्यांना तो ओळखू येईलच. न वापरणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो, की लिनक्स फुकट असतं, खुलं असतं, आणि पडदा कसा दिसावा, खिडक्या कशा उघडाव्यात, फायली कुठे मांडाव्यात हे ठरवणारी त्यात वेगवेगळी मंडळं असतात. प्रत्येक मंडळाचा आपला डेस्कटॉप. गल्लीतल्या गणपती मंडळांत असतात तसे रुसवेफुगवे, फाटाफूट, अध्यक्षपदाची हाव, सगळं यांच्यातही असतं. फक्त वर्गणी मागत नाहीत.

मी त्यातल्या एका मंडळाचा बरीच वर्षं कार्यकर्ता होतो. पोटासाठी सोलापुरात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करायचो आणि उरलेल्या वेळात त्या डेस्कटॉपवरचा मराठी मजकूर लिहायचो. ‘फाईल उघडा’, ‘बदल जतन करायचे का’, ‘ही खिडकी बंद करा’, यातलं बरंचसं माझं. कुणी पैसे दिले नाहीत, मी मागितले नाहीत. आपल्या भाषेत यंत्र बोलतंय याचा आनंद होता. आज ते आठवलं की स्वतःचीच चीड येते.

माझ्या मोठ्या भावाचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. आम्ही विणकर घरातले, घरात तेलुगू बोलणारे, म्हणून त्याला मी अन्ना म्हणतो. डझनभर माग, सगळ्यांवर संगणकाने चालणारे जॅकार्ड. पूर्वी टॉवेलवर नक्षी उठवायला पुठ्ठ्याची भोकं पाडलेली कार्डं लागायची. आता पेनड्राईव्हवर नक्षीची फाईल घ्यायची, मागाच्या डब्यात खुपसायची आणि माग चालू करायचा. हॉटेलांची नावं, ट्रस्टची नावं, लग्नाच्या आहेराचे टॉवेल, असली नावं विणण्यात अन्नाचा हातखंडा. कारखान्यातला संगणक आधी विंडोजवर होता. पेनड्राईव्ह मागामागांतून फिरायचा, प्रत्येक फेरीला नवा व्हायरस घेऊन यायचा, आणि एकदा अशी वेळ आली की जुन्या सगळ्या नक्ष्या उडाल्या. तेव्हा मीच लिनक्स टाकलं. अन्नाने कुरकुर केली, पण सवय झाली.

मग अन्नाला मेंदूचा झटका आला.

वाचला तो. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत, टॉवेल बोटांत धरून सूत किती नंबरचं ते सांगणं शाबूत. अक्षरं तेवढी गेली. मराठी, तेलुगू, इंग्रजी, तिन्ही एकदम. दवाखान्यात वहिनीने त्याच्या हातात पेपर दिला तेव्हा तो बराच वेळ त्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “हा कुठल्या भाषेतला आणलास?” गंमत अशी की लिहिता येत होतं. सही झोकात करायचा. आपलं नाव, गावाचं नाव, सगळं लिहायचा आणि लिहिलेलं स्वतःलाच वाचता यायचं नाही. डॉक्टर म्हणाले असं होतं कधीकधी, वाचायची वाट तेवढी तुटते, कदाचित परत जुळेल, कदाचित नाही.

अन्नाने आमच्याकडून एकच गोष्ट मागितली. कारखान्यात कुणाला कळता कामा नये.

यात खोटा मोठेपणा होता असं मला वाटत नाही. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा मिस्त्री, विणणारे, शिलाईच्या बाया, ही सगळी माणसं अन्नाच्या एका शब्दावर हलायची, कारण अन्नाला धंद्यातलं सगळं कळतं अशी त्यांची खात्री होती. ‘मालकांना वाचता येत नाही’ हे एकदा ठरलं की प्रत्येक गोष्ट दोनदा तपासली जाणार, मागून कुजबुज होणार, आणि सगळ्यात वाईट म्हणजे लोक त्याची काळजी घेणार. काळजी घेतली जाण्याची त्याला भीती वाटत होती. मला ती भीती पटली.

तेव्हा आम्ही एक युक्ती केली, आणि ती अन्नाचीच होती. त्याने मला संगणकापुढे बसवलं आणि म्हणाला, “पडद्यावर माझी शेड मांड.”

पडद्याचा डावा वरचा कोपरा म्हणजे दारातून शिरल्यावरचा पहिला माग. तिथून खाली डावीकडची रांग, मग मधली, मग खिडकीकडची. ज्या मागावर जी नक्षी चालू, तिची फाईल त्या जागी. पुढच्या ऑर्डरची फाईल तिच्या शेजारी, जरा तिरकी. झालेलं काम उजवीकडे खाली, जिथे शेडमध्ये गाठोडी ठेवतात तिथे. फायलींची चित्रं सगळी सारखीच, कोऱ्या कागदाची, आणि उघडून पाहिलं तरी काठ तोच, चौकट तीच, मधलं नाव तेवढं वेगळं. नाव वाचता येत नसेल तर फरक कळायला मार्ग नाही. पण जागा कळत होत्या. तिसावर वर्षं त्या शेडमध्ये फिरलेल्या माणसाला जागा विसरता येत नाहीत. नवी फाईल आली की मी घरून त्याच्या संगणकात शिरून ती ठेवायचो आणि फोनवर सांगायचो, “खिडकीकडे, मधल्याच्या शेजारी, सांगोल्याचं लग्न.” अन्ना “बरं” म्हणायचा. संपलं.

दीड-दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. जॉबर पेनड्राईव्ह घेऊन यायचा, अन्ना न अडखळता फाईल उचलून द्यायचा. मी कधी शेडमध्ये गेलो तर मुद्दाम लांब उभा राहून बघायचो. इतकी साधी गोष्ट इतकी नीट चाललेली मी माझ्या नोकरीत कधी पाहिली नाही.

आणि मग त्या मंडळाने ठरवलं, की डेस्कटॉपवर फायली ठेवणं हा गबाळेपणा आहे.

असंच ठरवलं. पडदा स्वच्छ हवा. माणूस आपल्या संगणकाकडे बघेल तेव्हा त्याला एक सुंदर चित्र दिसावं, डोंगराचं नाहीतर नुसत्या रंगांचं, आणि बाकी काही नाही. फायली मांडायची सोय नव्या आवृत्तीतून काढून टाकली. बंद करून ठेवायची, ज्याला हवी त्याला चालू करता यावी, एवढीही माणुसकी नाही. मुळापासून उपटली. हे जाहीर केलं असेल त्यांनी कुठेतरी, कुठल्या तरी पानाच्या तळाशी. मी मराठी मजकूर बघत होतो. एक दिवस फायली मांडण्याबद्दलची वाक्यं यादीतून कमी झाली होती, आणि मला वाटलं दुसरीकडे हलवली असतील.

जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद होणार होतं, म्हणून कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी मी नवी आवृत्ती लावली. तिथलं इंटरनेट रडत चालतं, त्यामुळे ती उतरवायला लावून, झालेली न बघताच घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी कंपनीची मीटिंग होती, ती लांबली. अन्ना माझ्या आधी शेडमध्ये पोहोचला.

त्याने संगणक लावला तेव्हा पडद्यावर निळे-जांभळे पट्टे होते. माग नव्हते.

शेजारी जॉबर पेनड्राईव्ह घेऊन उभा होता. त्याच्यादेखत अन्नाने मला फोन केला नाही. का केला नाही हे मला विचारायची गरज पडली नाही. तो चाचपडत राहिला, कुठेतरी दाबलं आणि एक खिडकी उघडली. तीत त्याच फायली होत्या, ओळीत लावलेल्या, इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने. अन्नाला वाटलं, जागा जरा आक्रसली आहे, पण शेड तीच आहे. त्याने खिडकीकडचा मधला माग शोधला, शेजारची फाईल उचलली आणि पेनड्राईव्हवर टाकून जॉबरच्या हातात दिली.

मी दुपारी पोहोचलो. मागांच्या खडखडाटातून मागच्या बाजूला गेलो, जिथे टॉवेल कापून शिवतात. तिथे शिलाईच्या बाया काम थांबवून बसल्या होत्या आणि जॉबर अन्नापुढे एक टॉवेल घेऊन उभा होता. जॉबर अक्कलकोटकडच्या खेड्यातला, घरी कन्नड बोलणारा, चांगला माणूस.

“मालक, हे बघा की जरा,” तो म्हणाला. “हितं काय आलंय.”

अन्नाने टॉवेल घेतला. उजेडाकडे धरला. काठ ताणून पाहिला, लूपवरून अंगठा फिरवला, उलटा करून पाहिला. त्या टॉवेलवर लाल सुतात ‘कै.’ होतं, एका माणसाचं नाव होतं आणि खाली ‘यांच्या स्मरणार्थ’ होतं. तो एका दुसऱ्याच पार्टीचा माल, वडिलांच्या वर्षश्राद्धाला शाळेत वाटायचा. खिडकीकडच्या मागावर सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांचं लग्न होतं. नवरा-नवरीची नावं हवी होती, आणि सकाळपासून तो माग आहेरात द्यायचे टॉवेल मेलेल्या माणसाच्या नावाने विणत होता.

“चांगलं आलंय की,” अन्ना म्हणाला. “काठ एकदम सरळ हाय. काय झालं?”

जॉबरने एकदा अन्नाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. एका बाईने पदर तोंडाला लावला, हसायला नव्हे. अन्नाने पुन्हा टॉवेलकडे पाहिलं, आता नीट, मधल्या अक्षरांकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की आपण काहीतरी चुकलोय एवढं त्याला कळलंय, काय ते कळत नाही. मी पुढे होऊन टॉवेल काढून घेतला आणि म्हणालो, “फाईल माझ्याकडून चुकीची आली.” ते कुणाला खरं वाटलं नाही. तरी सगळ्यांनी होकारार्थी मान हलवली.

माल पुन्हा विणला. लग्नाला वेळेत पोहोचला. धंद्याच्या दृष्टीने काहीच बिघडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून अन्ना कारखान्यात जायचा बंद झाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी त्या मंडळाच्या संकेतस्थळावर तक्रार लिहिली. इंग्रजीत, सभ्य, मुद्देसूद. लिहिलं की काही माणसं फाईल नावाने ओळखत नाहीत, जागेने ओळखतात. त्यांचं कामच त्यावर चालतं. ही सोय परत द्या, हवी तर लपवून द्या. अन्नाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. ती जागा सगळ्या जगाला उघडी, आणि त्याचं गुपित शेडमध्ये फुटलं म्हणून मी ते जगाला सांगावं असं होत नाही.

उत्तरं आली. एकाने लिहिलं, डेस्कटॉप ही फायली ठेवायची जागाच नाही. असं लिहिलं की जणू तो हे आईच्या पोटातून शिकून आलाय. दुसऱ्याने लिहिलं, शोधा की, नाव टाईप करा, लगेच सापडतं. टाईप करेलही अन्ना. पुढ्यात येणारी यादी वाचणार कोण? तिसऱ्याला दया आली. त्याने सुचवलं की मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम लावा. बारा माग चालू असलेल्या शेडमध्ये. आणि ऐकू आलंच, तर सगळ्यांना ऐकू यावं इतक्या मोठ्याने. चौथ्याने लिहिलं की असे वापरणारे फार थोडे असतात आणि थोड्यांसाठी सगळ्यांचा अनुभव बिघडवता येत नाही. म्हणजे कोऱ्या पडद्याकडे बघण्याचा अनुभव. आणखी एकाने विनोद केला, की फुकट मिळालेली वस्तू आवडली नसेल तर पैसे परत घेऊन जा. त्यावर बऱ्याच जणांनी हसरे चेहरे डकवले होते.

आणि मग ते नेहमीचं: कोड खुला आहे, हवं तर स्वतः लिहा.

लिहिलं मी. नोकरीतली रजा टाकून बसलो, काढून टाकलेला भाग नव्या आवृत्तीत बसवला, चालवून दाखवला, आणि लिहिलं की याची देखभाल पुढेही मी करेन. वाटलं होतं, आता तरी तोंड बंद होईल. उत्तर आलं, कोडबद्दल तक्रार नाही, पण प्रकल्पाची दिशा ठरलेली आहे. मी विचारलं, कुणी ठरवली, कुठे, माझ्यासारख्याला कुणी विचारलं? तेव्हा चर्चा तापली आहे असं कारण देऊन ती कुलूपबंद केली. खुल्या प्रकल्पातलं कुलूप.

मला माहीत आहे, ही माणसं फुकट काम करतात, शिव्या खातात, थकतात. मीही फुकटच काम केलंय. कुणी म्हणालं असतं की आम्हाला झेपत नाही, माणसं कमी आहेत, तर मी गप्प बसलो असतो आणि हातभार लावला असता. ते झेपत नाही म्हणत नव्हते. ते म्हणत होते की तुम्ही चुकीच्या पद्धतीने जगता. कारखान्यातला मालक असं बोलला असता तर त्याच्या तोंडावर राजीनामा फेकता आला असता. यांच्या तोंडावर काय फेकणार? मराठी मजकुराचं काम सोडलं. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

शेवटी मी दुसरं मंडळ शोधलं. चार-पाच माणसांचं, जुन्या वळणाचा डेस्कटॉप सांभाळणारं. दिसायला ओबडधोबड, पण फाईल जिथे ठेवाल तिथे राहते. त्यांचं संकेतस्थळही असं दिसतं की कुणी पाव्हण्याला दाखवू नये. मी त्यांना आभाराचं पत्र लिहिलं तर एकाने उत्तर दिलं, की आम्ही काही केलं नाही, फक्त काही काढलं नाही.

आता सगळ्या जागा परत मांडायच्या होत्या, आणि मला त्या पाठ नव्हत्या. मी अन्नाच्या घरी गेलो. तो पलंगावर बसला होता. वहिनीने चहा ठेवला आणि हळूच सांगितलं, “पेपर बंद करायला लावलाय. समोर दिसला तरी चिडतो.” कुठल्या मागाची फाईल कुठे होती ते मी विचारलं, तेव्हा त्याने पलंगावरच्या चौकटीच्या चादरीवर बोट ठेवलं. हा दारातला. हा त्याच्या खालचा, यावर हॉटेलचा माल. हा खिडकीतला. एकही चौकट चुकली नाही. मी मोबाईलवर फोटो काढत गेलो, आणि त्याचा आवाज हळूहळू पूर्वीसारखा, हुकूम सोडणारा झाला. निघताना वहिनी दारापर्यंत आली आणि म्हणाली, “येईल बघ आता तो.” मलाही तसंच वाटलं. घरी येऊन मी पडद्यावर एकेक फाईल ठेवली, डबा उघडून दागिने लावावेत तशी.

अन्ना आला. मी त्याला गाडीवर मागे बसवून नेलं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. शेडमध्ये शिरल्यावर विणणाऱ्यांनी मान हलवून नमस्कार केला, शिलाईच्या बायांपैकी एकीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला, जो पूर्वी कुणी आणत नसे. अन्ना खुर्चीवर बसला, संगणक लावला. पडदा उजळला आणि सगळी शेड जागच्या जागी उभी राहिली. त्याने खुर्ची पुढे ओढून घेतली. मला वाटलं, जिंकलो.

जॉबर पेनड्राईव्ह घेऊन आला. “मालक, दारातल्या मागाचं द्या की.”

अन्नाचा हात सरळ डाव्या कोपऱ्याकडे गेला, बरोबर त्या फायलीवर. एवढ्यात जॉबर त्याच्या खांद्यावरून वाकला, पडद्यावर बोट टेकवलं आणि फायलीचं नाव मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून वाचलं, नातवाला वाचून दाखवावं तसं. त्यात कसलाही टोमणा नव्हता. इतके दिवस कारखाना त्यानेच सांभाळला होता, आणि मालकाची परत फजिती होऊ नये एवढंच त्याच्या मनात होतं.

“मला माहीत हाय,” अन्ना म्हणाला.

“व्हय मालक,” जॉबर म्हणाला, आणि बोट खाली सरकवून त्याने पुढचं नाव वाचायला घेतलं.